विहिरीजवळच्या बाभळीची काडी

आई,

आज कॉलेजात जाऊन शेवटच्या प्लेटा बघितल्या आणि टाकून दिल्या. काही उगवलं नाही. प्लेट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील, ताटात काय उगवणार आणि हिला त्याचं एवढं काय. काचेची चपटी वाटी असते, झाकणाची, तळहातावर मावेल एवढी. बटाटे उकडायचे, त्यांचं पाणी गाळून घ्यायचं, त्यात साखर आणि समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली एक पूड घालायची, कुकरमध्ये शिट्ट्या द्यायच्या आणि गरम असतानाच त्या वाटीत ओतायचं. निवलं की खरवसासारखं थिजतं. त्यावर झाडाच्या काडीचे बारीक तुकडे ठेवायचे आणि वाट बघायची. आठवड्याभरात काडीच्या आत राहणारी बुरशी कापलेल्या तोंडातून बाहेर डोकावते, पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी. आमचं काम म्हणजे बरंचसं स्वयंपाकघरच आहे. फक्त ज्याला बोलावलंय तोच जेवायला यावा, बाकी कुणी येऊ नये, एवढा फरक. या वेळी ज्याला बोलावलं तोच आला नाही. आपल्या विहिरीजवळच्या बाभळीचे तुकडे तीन आठवड्यांपूर्वी ठेवले होते, ते ठेवले तसेच पडून होते, कोरडे आणि स्वच्छ.

तुला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. माझं वय आता तुझ्या शेवटच्या वयापेक्षा जास्त झालंय, तेव्हा जरा बरोबरीनं बोलले तर रागावू नकोस. मला इतक्या वर्षांत एकाच गोष्टीचं उत्तर पाहिजे होतं. माझ्या सांगण्यावरून तू जी काडी सोडलीस, ती तुझे दात राखत होती की नव्हती? होय किंवा नाही. ते उत्तर आता मिळायचं नाही. का मिळायचं नाही, हे ज्याला सांगायला पाहिजे त्याला मी सांगू शकत नाही, म्हणून तुझ्यापाशी बसले आहे.

तुझी सकाळ मला अजून दिसते. चुलीवर पाणी ठेवलेलं आहे, तू कळशी घेऊन विहिरीकडे निघाली आहेस आणि कमरेला विळा खोचलेला आहे. बांधावर तीन बाभळी. एक ओढ्याकडची, एक गोठ्याजवळची, एक विहिरीजवळची. गोठ्याजवळची हाताशी असूनसुद्धा तू तिच्याकडे बघत नाहीस. विहिरीपर्यंत जाऊन, पदर काट्यांपासून सावरत, करंगळीएवढी काडी कापतेस, काटे सोलतेस, टोक चावून चावून त्याचा कुंचा करतेस. दात घासून झाले की तीच काडी मधोमध चिरून जीभ खरवडतेस आणि उकिरड्यावर फेकून देतेस. मी एकदा विचारलं होतं, एवढं लांब कशाला जायचं, बाभूळ ती बाभूळ. तू म्हणालीस, "वड्याकडची लय कडू हाय, गोठ्याजवळची नुसतं लाकूड. हिची तुरट लागती. हिरड्या आवळून धरती बग." दिवाळीनंतर आपल्या रानात मेंढरं बसवायला माणदेशाकडून जी म्हातारी यायची, तीसुद्धा आल्या दिवशी त्याच बाभळीला हात घालायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसून काड्या चावत, थुंकत, पावसापाण्याचं बोलत असायचात आणि मला तुमची दोघींची शिसारी यायची. त्यात दुपारी तव्यावर तंबाखू भाजून तू मिश्री करायचीस, त्याच्या ठसक्यानं आमचे डोळे चुरचुरायचे. तेव्हा मी मनात म्हणायचे, शिकून बाहेर पडले की पहिल्यांदा आईला सुधारीन. शाळेत हुशार असलेल्या मुलीला असला एक रोग असतोच.

दादांसारखा फौजी बाप असल्यामुळे मला साताऱ्याला फौजींच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. तिथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एक प्रात्यक्षिक होतं. झाडाच्या कोवळ्या काडीचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ काप काढायचा, त्यावर निळा रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मी वर्गात भाव खायला म्हणून गावाहून बाभळीची काडी नेली होती. कापात झाडाच्या पेशी दिसल्या आणि पेशींच्या मधून निळे धागे गेलेले दिसले. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, बुरशी आहे, झाडाच्या आत राहते. पुढे त्या असंही म्हणाल्या असतील की हा रोग नव्हे, जवळजवळ प्रत्येक झाडात अशी बुरशी वर्षानुवर्षं बिऱ्हाड करून असते आणि झाडाला काही करत नाही. म्हणाल्या असतीलच, आता मीही वर्गात तेच सांगते. पण मी पहिल्या वाक्यालाच घरी पोचले होते. मला फक्त तुझं तोंड दिसत होतं आणि त्यात ते निळे धागे.

त्या रविवारी मी तुला पत्र लिहिलं. तुला वाचता येत नव्हतं, दादांची पत्रं असोत की माझी, माझ्या पाठचा धाकटाच वाचून दाखवायचा. तो तेव्हा अकरावीत होता आणि पत्र वाचताना बातम्या देणाऱ्यासारखा आवाज काढायचा. त्या पत्रातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. "आई, बाभळीची काडी दाताला लावत जाऊ नकोस. आम्ही भिंगाखाली बघितली. तिच्या आत बुरशी असते. तू रोज सकाळी उठून बुरशी चावतेस. मिश्रीही सोड. अडाण्यासारखं वागू नकोस. दिवाळीला येताना ब्रश घेऊन येते." खाली दोन ओळी जागा उरली होती, तिथे वसतिगृहातल्या आमटीची तक्रार लिहिली होती. नंतर धाकट्यानं सांगितलं की तू भाकरी थापत होतीस आणि एक वाक्य आल्यावर तुझा हात थांबला. कुठलं वाक्य ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग तू म्हणालीस, "बरं. शिकल्याली हाय ती. तिला कळतंय," आणि परत थापायला लागलीस.

ब्रश लाल दांड्याचा होता. साताऱ्याच्या बाजारात मी तो चार दुकानं फिरून निवडला होता, सोबत पेस्ट घेतली होती. दिवाळीत न्हाणीघराच्या दगडाशी उभी राहून मी तुला शिकवते आहे. "वरनं खाली, आई. घाशीत बसू नकोस, भांडं आहे का ते?" तुझं तोंड फेसानं भरलेलं आहे आणि तू हसू आवरत डोळ्यांनीच मला विचारते आहेस की हे गिळायचं का थुंकायचं. भावकीतली एक काकू कुंपणापलीकडून बघत होती. ती म्हणाली, "जाऊबाई, आता साबणानं त्वांड धुवाय लागली व्हय?" तू लाजलीस. माझ्यासमोर तू लाजलेली मी तेवढीच एकदा बघितली आणि मला वाटलं, झाली आई माणसांत. मिश्रीचं मी पुन्हा काढलं तेव्हा मात्र तू चूळ भरून सरळ म्हणालीस, "येक सोडली की तुझ्यापायी. दुसरी ऱ्हाऊ दे." म्हणजे जी सोडायला हवी होती ती राहिली आणि जी राहायला हवी होती ती सुटली. निदान मला आता तसं वाटतं. खात्री नाही, आणि रडं तेच तर आहे.

दीड वर्षानं तू गेलीस. द्राक्षांची तोड चालू होती, बाया लावलेल्या होत्या, त्यात दाढ दुखते म्हणून कोण घरी बसतंय. तू लवंग धरलीस, हळद लावलीस आणि गालाला पदर बांधून आठ दिवस माल भरलास. धाकट्याचा फोन वसतिगृहात आला तेव्हा तुला मिरजेला नेलेलं होतं. मी पोचले तेव्हा जबड्याखाली सूज होती, तोंड बोटभरसुद्धा उघडत नव्हतं, तुला बोलता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दाढेतून निघालेला पू गळ्यात उतरला आहे. त्यांनी करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी संपलं. दादा सीमेवरून येईपर्यंत चौथा दिवस उजाडला होता. दाढ दुखून कुणी मरतं का, असं मला लोक अजून विचारतात. मरतं. मी आता मुलांना वर्गात सांगते की तोंडातले जिवाणू साधे समजू नका. का सांगते ते सांगत नाही.

तुझे दिवस झाल्यावर न्हाणीघराच्या कोनाड्यात मला तो लाल ब्रश सापडला. आई, मी आशा धरून होते की तो कोरा असेल. तू मला फसवलं असशील, माझ्यासमोर घासून दाखवलं असशील आणि माझी पाठ फिरली की विळा घेऊन विहिरीकडे गेली असशील. तू तेवढी लबाडी केली असतीस तर मी सुटले असते. पण ब्रशचे केस दोन्ही बाजूंनी चपटे झाले होते, मुळापर्यंत झिजले होते. दीड वर्ष तू रोज त्यानंच घासलंस. बदलायचा असतो हे मी तुला सांगितलंच नव्हतं. मी तो ब्रश हातात घेऊन उभी होते आणि मागून धाकटा आला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. म्हणाला, "आक्का, ती काडी तिनं आधीच सोडाय पायजे हुती. तू सांगितलं तवर लय उशीर झाल्ता." मी काही बोलले नाही. ते माझं पहिलं न बोलणं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी त्याच साताऱ्यात नोकरीला लागले, लग्न झालं, तुझा जावई शिरवळच्या कंपनीत जातो-येतो, नात पुण्यात असते आणि दर सहा महिन्यांनी दात दाखवून घेते, तेवढी दहशत मी घरात घातली आहे. पीएचडीचं बरीच वर्षं टाळलं आणि चाळिशीनंतर घ्यावंच लागलं. विषय मांडला तेव्हा मार्गदर्शक सरांनी विचारलं, झाडाच्या आतल्या बुरशीवर काम करायचं ठीक आहे, तोंडातल्या जिवाणूंवर तिचा परिणाम बघायचा तेही ठीक, पण बाभूळच का? मी म्हटलं, काट्यांमुळे कुणी तोडत नाही, नमुना कायम मिळतो. सर हसले. खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

मी तिन्ही बाभळींच्या काड्या आणल्या. काडी नळाखाली धुवायची, स्पिरिटमध्ये बुडवायची, ब्लीचिंगच्या पाण्यात, पुन्हा स्पिरिटमध्ये, म्हणजे बाहेरचं सगळं मरतं आणि आतलं तेवढं राहतं. मग आतून जे उगवेल ते वेगळं करून वाढवायचं. एका दंतमहाविद्यालयातून दात किडवणारा जिवाणू बंद नळीत मिळाला होता. तो प्लेटभर पसरायचा आणि मधे बुरशीचा छोटा ठिपका ठेवायचा. बुरशीत काही दम असेल तर तिच्याभोवती जिवाणू वाढत नाहीत, स्वच्छ गोल राहतो. ओढ्याकडच्या बाभळीच्या बुरशीनं काही केलं नाही. गोठ्याजवळचीनं काही केलं नाही. विहिरीजवळच्या बाभळीतून एक पांढरी, मागून विटकरी दिसणारी बुरशी निघाली होती आणि तिच्याभोवती शर्टाच्या बटणापेक्षा मोठा गोल पडला होता. पुन्हा केलं, पुन्हा पडला. हिरड्या सुजवणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूवर केलं, तिथेही पडला. मी स्टुलावर बसून राहिले. आमच्या लॅबच्या मावशी भांडी धूत होत्या, त्या म्हणाल्या, "मॅडम, बरं वाटत न्हाई का?" मी म्हटलं, बरं वाटतंय मावशी, फार बरं वाटतंय. आणि मला रडू आलं. तू जिभेवर ओळखलेलं मला ओळखायला वीस वर्षं आणि एवढं काचसामान लागलं.

पण प्लेट म्हणजे माणसाचं तोंड नव्हे, हे मला विद्यार्थ्यांइतकंच स्वतःलाही बजावावं लागायचं. काडी चावल्यावर त्यातलं किती रसात उतरतं, तोंडात किती वेळ टिकतं, तुझ्या त्या मिश्रीपुढे त्याचं काय चालतं, हे सगळं पाहायचं होतं. बुरशी नेमकं कुठलं द्रव्य सोडते ते काढायचं होतं. दोन-तीन वर्षांचं काम होतं आणि आमची लॅब म्हणजे एक फ्रीज, एक कुकर आणि माझी चिकाटी. तेवढ्यात गोल लहान व्हायला लागला. एका नळीतून दुसऱ्या नळीत बुरशी नेत राहावी लागते, नाहीतर ती मरते. दरवेळी नेली की गोल थोडा बारीक. हे असं होतं, पुस्तकात लिहिलेलं आहे. झाडात असताना तिला ते द्रव्य कशासाठी तरी लागत असेल, बटाट्याच्या पाण्यावर आयतं मिळायला लागल्यावर ती ते करणं विसरते. मला तिला बोल लावता येईना, मीही साताऱ्यात राहून आपली बोली विसरलेच आहे की. मागच्या उन्हाळ्यात गोल पडायचा बंद झाला. तेलाखाली जपून ठेवलेल्या जुन्या नळ्या उघडल्या, त्याही तशाच. तरी मी घाबरले नव्हते. उपाय सोपा होता. गावाला जायचं, त्याच बाभळीची काडी आणायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

गौरी-गणपतीला गेले तेव्हा परतायची गडबड होती, पाऊस होता, आणि परीक्षेचं काम डोक्यावर होतं. म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत निवांत येऊन करू. निघता निघता धाकट्याला म्हटलं, "विहिरीजवळच्या बाभळीत एक बुरशी आहे, तिच्यावर माझं काम चाललंय. त्या झाडाला जप." एवढंच. जास्त सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ती बुरशी चांगली आहे म्हटल्यावर त्यानं पत्राचं विचारलं असतं. म्हणून मी अर्धं सांगितलं आणि गाडीत बसले. तो नीट ऐकत होता. शहाण्यासारखा मान हलवत होता.

तो द्राक्षवाला आहे, आई. तुझ्यामागे त्यानं ती बाग अर्ध्या एकराची तीन एकर केली. छाटणीनंतर दोन दिवस ढगाळ हवा पडली की अख्खी बाग डाऊनीच्या बुरशीनं कशी काळी पडते ते त्यानं डोळ्यांनी बघितलं आहे. बुरशीवर तो माझ्यापेक्षा जास्त बोलू शकतो, फक्त त्याचं सगळं बोलणं तिला मारायचं कसं याबद्दल असतं. दिवाळीत मी उतरले आणि पिशवी ठेवून तडक विहिरीकडे गेले. बाभळीचं खोड जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत निळं होतं. मोरचूद आणि चुन्याची जाड पेस्ट, द्राक्षाच्या खोडाला लावतात तशी, ब्रशानं हात फिरवून फिरवून लावलेली. बुडाशी आळं केलेलं, त्यात अजून ओल होती. पानं तजेलदार, हिरवीगार, एकावर डाग नाही. मी त्या झाडाला इतकं देखणं कधी बघितलं नव्हतं.

धाकटा माझ्या मागोमाग आलाच होता. "बग आक्का," तो म्हणाला, "येक पान पिवळं दावलंस तर नाव बदलीन."

मी म्हटलं, "काय काय मारलंस?"

त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. ट्रॅक्टरचा ब्लोअर लावून तीन वेळा फवारलं. बुडाला औषधाच्या पाण्याची आळवणी दोनदा. आणि औषध साधं नव्हे, आंतरप्रवाही, झाडाच्या आत शिरून शिरान् शिरा फिरणारं. "बागंला वापरतो त्येच्या वरचं आणलं," तो म्हणाला. "दुकानदार मला येड्यात काढाय लागला, बाभळीला कोण औषिद मारतंय म्हणून. म्हटलं, तुला न्हाई कळायचं. आमच्या आक्काचं झाड हाय."

मी विचारलं, "पण मारलंस कशाला रे?"

त्याला खरंच कळेना की मी हे काय विचारते आहे. "म्हंजी? तूच लिवलं हुतंस न्हवं आईला? बाभळीच्या आत बुरशी असती म्हणून. मीच वाचून दावलं हुतं की." आणि मग, आई, त्यानं ते पत्र म्हणून दाखवलं. अख्खं. बातम्यांच्या त्याच आवाजात सुरू केलं आणि अर्ध्यावर तो आवाज गेला. अडाण्यासारखं वागू नकोस, हे वाक्य त्यानं गाळलं. ते त्याला आठवत नसेल असं मला वाटत नाही. "त्या बुरशीनं आपली आई खाल्ली," तो म्हणाला. "कैकदा कुऱ्हाड घेऊन आलो हितं. पर आईचं झाड, हात उचलंना. तू गणपतीला म्हणालीस, अजून हाय आत, तवा म्हटलं आता झाड ठेवायचं आन् ती घालवायची. आता कुणी बी चावू दे काडी. काय हुत न्हाई."

मी त्याला काय सांगणार होते? की तू आईला मारणारं नव्हे, कदाचित आईला राखणारंच काहीतरी मारलंस? मग त्यानं विचारलं असतं, पत्रात तसं का लिहिलं होतंस? आणि समजा तेही मी सांगितलं असतं, माझ्यापुरतं तोंड काळं करून घेतलं असतं, तरी पुढचं त्याचं त्यालाच कळलं असतं, की ते तुझ्या कानांपर्यंत पोचवलं कुणी. अकरावीतल्या पोराच्या आवाजात तू ते ऐकलंस. तो आवाज घेऊन तो उरलेलं आयुष्य त्या बांधावर कसा फिरला असता? आणि मी त्याच्यावर रागावणार तरी कुठल्या तोंडानं? त्यानं झाडाला जे केलं तेच मी तुला केलं होतं. चार दुकानं फिरून, चांगल्यातलं चांगलं आणून, जीव लावून.

"झाड छान झालंय," मी म्हटलं.

घरात भावजयीनं चहा ठेवला होता. "वन्सं, लय खपल्यात बगा ह्ये त्या झाडामागं," ती म्हणाली. "बागंकडं तेवढं बगितलं न्हाई." मी चहा प्याले. मग तरीही काड्या घेतल्या, शेंड्याच्या, मधल्या, खालच्या, मुळीचा एक तुकडासुद्धा. शिडी त्यानंच लावली आणि उंचावरच्या काड्या त्यानंच कापून दिल्या, काटे सोलून, तू सोलायचीस तशा.

त्यातून काही आलं नाही, ते वर सांगितलंच. पुढच्या पावसाळ्यात झाडाला नवी फूट येईल, वाऱ्यावरून नवी बुरशी येऊन आत राहील, पण ती हीच असेल असं कुणी सांगू शकत नाही. ओढ्याकडची आणि गोठ्याजवळची आहेतच, त्यांच्यात कधीच काही नव्हतं. सर म्हणाले, जेवढं झालं तेवढ्यावर प्रबंध पुरा करा, पदवीला पुरेसं आहे. पदवीला आहेच. तुझ्या-माझ्यातल्या गोष्टीला पुरेसं नाही, पण ते सरांना काय सांगायचं. मी प्रबंध लिहीन. त्यात झाडाची जागा, नमुना कधी घेतला, गोल केवढा पडला, नंतर कसा कमी झाला, हे सगळं नीट असेल. त्या बाभळीवर बुरशीनाशक फवारलं गेल्यामुळे पुन्हा नमुना मिळाला नाही, असं एक वाक्य लागेल. कुणी फवारलं हे लिहायची पद्धत नाही, याचं मला बरं वाटलं.

आणि बरं वाटण्याचंच निघालं म्हणून सांगते. सकाळी त्या प्लेटा उजेडासमोर धरल्या, एकामागून एक, आणि सगळ्या रिकाम्या आहेत हे कळलं, तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी सिद्ध करू शकणार नाही. मीसुद्धा नाही. ते एवढासा वेळ टिकलं आणि मग जे यायचं ते आलंच. पण आलं होतं, आधी तेच आलं होतं.

दुपारी धाकट्याचा फोन आला. त्याला थांबवत नव्हतं. "आक्का, बगितलंस का? गेली का बुरशी?"

"गेली."

"समदी?"

"समदी गेली," मी म्हटलं.

तो म्हणाला, "बरं झालं. लय वर्सं डोक्यात हुतं." आणि फोन ठेवायच्या आधी त्यानं विचारलं की मी जेवले का.

म्हणून हे लिहायला बसले. कॉलेजच्या वहीची पाठकोरी पानं घेतली आहेत, पाच झाली. लिहून झाल्यावर काय करायचं हा प्रश्न नाही, तू जिथे आहेस तिथे टपाल जात नाही हे मला कळतं. पण खरं सांगू का, आई? जात असतं तरी मी हे टाकलं नसतं. तू पत्र हातात घेतलं असतंस, उलटंसुलटं करून बघितलं असतंस आणि भाकरी थापता थापता वाचायला त्यालाच हाक मारली असतीस.